डोंगरउताराची शेती आणि खाऱ्या मांसाचे पिंप : जमैकाच्या घरगुती स्ट्यूची घडण

जमैकातल्या घरांत हमखास शिजणाऱ्या पदार्थांमध्ये ‘स्ट्यू पीज’चे स्थान फार वरचे आहे. नावात वाटाण्याचा उल्लेख असला तरी त्यात वाटाणा नसतो. त्या बेटावर राजमा, तूर, चवळी अशा सगळ्याच दाण्यांना पीज म्हणण्याची रीत आहे आणि या पदार्थात वापरतात तो तांबडा राजमा. रात्रभर भिजवलेला राजमा खारवलेल्या गोमांसाच्या आणि डुकराच्या शेपटीच्या तुकड्यांबरोबर मऊ होईपर्यंत उकळायचा, मग त्यात नारळाचे दूध, कांद्याची पात, थाइम नावाच्या सुगंधी पाल्याच्या काड्या, पिमेंटोचे दाणे आणि एक अखंड मिरची घालायची, मैद्याच्या लहान वळ्या सोडायच्या, आणि रस दाट होऊन दाण्यांना धरू लागला की पांढऱ्या भाताबरोबर वाढायचे, असा हा दिसायला साधा प्रकार आहे. त्यात मांस असते, पण ते मूठभर. पोट भरते ते दाण्यांनी, मैद्याने आणि भाताने, आणि मांसाचे काम मुख्यतः रसाला खारट, तेलकट चव देण्याचे असते. हे प्रमाण असे का पडले, हा या पदार्थाच्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे.

कॅरिबियन स्वयंपाकाविषयी लिहिताना अशा पदार्थांना ‘अनेक संस्कृतींचा संगम’ म्हणण्याचा प्रघात आहे. अमेरिका खंडातला राजमा, आशियाई नारळ, युरोपीय थाइम, आफ्रिकी हातोटी अशी यादी त्यासाठी दिली जाते आणि ती चुकीचीही नाही. परंतु संगम म्हटला की सगळे प्रवाह आपापल्या ओढीने येऊन मिळाल्याचे चित्र उभे राहते, आणि जमैकाच्या बाबतीत ते चित्र दिशाभूल करणारे आहे. त्या हंडीत काय पडले, किती पडले आणि ते कसे शिजले हे उसाच्या मळ्यांनी ठरवले : सपाट, सकस जमीन कोणाच्या ताब्यात राहिली, राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला स्वतःचा म्हणावा असा किती वेळ आला, आणि बोटींतून उतरणाऱ्या खाऱ्या मांसमासळीचे कोणते पिंप कोणाकडे गेले, यावरून. स्ट्यूच्या प्रत्येक घटकामागे या व्यवस्थेतली एखादी सक्ती आहे, आणि त्या सक्तीतून स्वयंपाक करणाऱ्यांनी काढलेली वाटही आहे.

मळ्यांच्या आधीही या बेटावर सतत उकळणारी हंडी होती. बेटाचे मूळ रहिवासी असलेल्या टाइनो लोकांचे मुख्य अन्न कसावा, म्हणजे ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो कंद, होते. कडू कसाव्याच्या रसात विष असते. तो किसून, पिळून काढलेला रस आटेपर्यंत उकळला की विष निघून जाते आणि काळपट, दाट अर्क उरतो, त्यात मांस, मासळी आणि मिरची घालून केलेले कालवण बरेच दिवस टिकते. कोलंबस १४९४ मध्ये जमैकाच्या किनाऱ्याला लागला, १५०९ पासून स्पॅनिश लोकांनी वसाहत केली, आणि रोगराई व सक्तीचे श्रम यांमुळे टाइनो समाज काही दशकांतच जवळजवळ संपला. कसाव्याच्या अर्काची कला जमैकात टिकली नाही, गयानात मात्र आजही ती जिवंत आहे. जमैकात ‘पेपरपॉट’ हे नाव राहिले आणि भांड्यातला ऐवज बदलला : माठाच्या जातकुळीतला कॅलालू हा पाला, भेंडी, कंद आणि खारे मांस यांचे ते हिरवे, दाट सूप झाले. इंग्रज लेखक नेड वॉर्ड याने जमैकावर लिहिलेल्या, १६९८ मध्ये छापलेल्या पुस्तिकेत या पेपरपॉटचा उल्लेख सापडतो. म्हणजे इंग्रजांनी १६५५ मध्ये हे बेट स्पेनकडून जिंकून घेतल्यावर अर्ध्या शतकाच्या आत हा पदार्थ बाहेरून आलेल्यांच्याही नजरेत भरण्याइतका रुळला होता.

टाइनोंकडून आलेल्या आणखी दोन गोष्टी आजच्या स्ट्यूत रोज वापरल्या जातात. पहिली पिमेंटो, म्हणजे बेटावर मुळातच उगवणाऱ्या एका सदाहरित झाडाची वाळवलेली फळे. मिऱ्याहून थोड्या मोठ्या असलेल्या या दाण्यांत लवंग, दालचिनी आणि जायफळ या तिन्हींचा गंध एकत्र येतो, त्यामुळे युरोपीय व्यापाऱ्यांनी त्याला ‘ऑलस्पाइस’ म्हटले. दुसरी स्कॉच बॉनेट ही स्कॉटिश टोपीच्या आकाराची, पिवळी किंवा लाल, अतिशय तिखट मिरची, जिचा फळासारखा वास तिच्या तिखटाइतकाच महत्त्वाचा मानला जातो. स्पॅनिश लोकांनी गाईगुरे, डुकरे, केळी, लिंबूवर्गीय फळे आणि ऊस आणला. नारळाचा प्रवास मात्र अधिक लांबचा आहे. वास्को द गामाने आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागराचा मार्ग खुला केल्यानंतर पोर्तुगीजांनी या महासागराच्या किनाऱ्यांवरचा नारळ अटलांटिकमधल्या केप व्हर्डे बेटांवर नेला आणि तिथून तो १६ व्या शतकात कॅरिबियनमध्ये पोचला. अटलांटिककडचे नारळ हिंदी महासागराच्या कुळातले आहेत हे जनुकीय अभ्यासांनीही दाखवले आहे. कोकण-गोव्याच्या वाड्यांमधला माड आणि जमैकाचा उंच माड हे अशा रीतीने जवळचे भाऊबंद ठरतात.

इंग्रजांच्या अमलात जमैका साखरेचे बेट झाले. किनाऱ्यालगतच्या मैदानांवर आणि नद्यांच्या खोऱ्यांत ऊस पसरला, आणि १९ व्या शतकाच्या आरंभी जगातल्या सर्वांत मोठ्या साखर निर्यातदारांत या बेटाची गणना होत होती. हे सगळे उभे राहिले ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या श्रमांवर. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करेपर्यंत सुमारे १० लाख माणसे जमैकाच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. त्यांतल्या काहींची पुढे इतर वसाहतींत विक्री झाली हे लक्षात घेतले, तरी १८३४ मध्ये गुलामी संपली तेव्हा बेटावर केवळ तीन लाखांच्या आसपास गुलाम उरले होते, यावरून मळ्यांवरच्या मृत्यूचे प्रमाण समजते.

इतक्या माणसांना खायला घालण्याचा खर्च मळेवाल्यांना नको होता. बार्बाडोससारख्या सपाट बेटावर जवळजवळ सगळी जमीन उसाखाली गेल्यामुळे तिथे शिधा मोजून द्यावा लागे. जमैकाचा अंतर्भाग मात्र चुनखडीच्या टेकड्यांचा आणि डोंगरांचा आहे. पूर्वेकडची ब्लू माउंटनची शिखरे तर २,२०० मीटरच्याही वर जातात. उसाला निरुपयोगी असलेल्या या चढांवरचे तुकडे गुलामांना नेमून दिले गेले आणि स्वतःचे अन्न स्वतःच पिकवा, असा शिरस्ता पडला. या तुकड्यांना ‘प्रोव्हिजन ग्राउंड’, म्हणजे शिध्याची शेते, म्हणत. ती बहुधा वस्तीपासून काही मैलांवर असत, वाट चढणीची असे, आणि तिथे काम करायला वेळ मिळे तो रविवारचा. १८ व्या शतकाच्या अखेरीस झालेल्या कायद्यांनी त्यात ऊसतोडणीचा हंगाम सोडून दर पंधरवड्याला एका दिवसाची भर घातली. हंगामात चरक आणि रसाच्या कढया रात्रंदिवस चालत, त्यामुळे नेमक्या त्या महिन्यांत शेताकडे पाहायला सवड उरत नसे. आज जे कंदमुळांचे वैविध्य जमैकाच्या जेवणाचे वैभव म्हणून दाखवले जाते, ते आठवड्याच्या विश्रांतीचा एकमेव दिवस खर्चून मिळवलेले होते, हे विसरता येत नाही.

या शेतांवर काय लावायचे हे मात्र कसणाऱ्यांच्या हातात होते, आणि त्यांनी पश्चिम आफ्रिकेतून आणलेले ज्ञान तिथे पणाला लावले. मुख्य पीक याम, म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला मोठा कंद. मातीचा उंचवटा करून त्यात यामचा डोक्याकडचा भाग पुरायचा, वेलाला चढायला काठी रोवायची, कंद तयार झाला की तो काढून घेऊन डोके पुन्हा मातीत ठेवायचे आणि त्यातूनच पुढचे पीक घ्यायचे, ही पद्धत ट्रेलॉनी परगण्यातल्या उतारांवर आजही दिसते. यामच्या जोडीला अळकुड्यांच्या जातीचा कोको आणि डशीन, रताळी, कसावा, मका आणि भाजीची केळी असत. दाण्यांमध्ये अमेरिका खंडातल्या घेवड्या-राजम्याबरोबर तूरही होती. मूळची भारतातली ही तूर फार पूर्वीच आफ्रिकेत रुजली होती आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर अटलांटिक ओलांडून गेली. जमैकात तिला ‘गुंगो’ म्हणतात, आणि नाताळाच्या सुमारास ओल्या तुरीच्या शेंगा बाजारात आल्या की कित्येक घरांत राजम्याऐवजी तुरीचाच स्ट्यू होतो. झोपडीभोवतीच्या परसात मिरची, नारळ, फळझाडे आणि कोंबड्या अशी वेगळी, हाताशी असणारी बाग असे. डोंगरावरचे शेत पोट भरण्यासाठी आणि परसातली बाग चवीसाठी, अशी ही विभागणी स्ट्यूच्या भांड्यातही जशीच्या तशी उतरलेली आहे.

घरची गरज भागून उरलेला माल रविवारच्या बाजारात जाई. सिडनी मिंट्झ आणि डग्लस हॉल या अभ्यासकांनी १९६० मध्ये जमैकाच्या अंतर्गत बाजारव्यवस्थेच्या उगमावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी दाखवून दिले की गुलामांनी उभारलेला हा बाजार सगळ्या बेटाला, त्यातल्या गोऱ्या कुटुंबांनाही, ताजे अन्न पुरवत होता. स्वतः मळेवाला आणि गुलामीचा कट्टर समर्थक असलेल्या एडवर्ड लाँगने १७७४ च्या आपल्या जमैकाच्या इतिहासात असा अंदाज केला आहे की बेटावरच्या चलनी नाण्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा गुलामांच्या हातात असावा; गुलामांविषयी अत्यंत तुच्छतेने लिहिणाऱ्या माणसाने ही नोंद करावी, यातच तिचे वजन आहे. मिंट्झ यांनी या शेतकऱ्यांना ‘आद्य-शेतकरी’ म्हटले : कायद्याने माल समजली जाणारी, पण जमीन निवडणारी, बी राखणारी, भाव ठरवणारी माणसे. बाजारात बसणाऱ्या बहुतेक स्त्रिया असत, आणि ‘हिगलर’ म्हणून ओळखली जाणारी त्यांची परंपरा किंग्स्टनच्या कॉरोनेशन मार्केटमध्ये आजही चालू आहे. तिथे कांद्याची पात आणि थाइम एकाच जुडीत बांधून मिळतात, कारण दोन्ही बहुतेक प्रत्येक भांड्यात एकत्रच पडतात. हा माल मुख्यतः दक्षिणेकडच्या सेंट एलिझाबेथ परगण्यातून येतो. तिथे पाऊस कमी पडतो, म्हणून शेतकरी लाल मातीवर वाळलेल्या गिनी गवताचा जाड थर अंथरून ओल धरून ठेवतात.

शेत आणि परस यांतून जे मिळत नसे ते मीठ आणि मांस. गुलामांना मळ्याकडून जो थोडाफार शिधा मिळे त्यात खारवलेली हेरिंग मासळी आणि उत्तर अटलांटिकमधला सुका कॉड मासा असे. न्यूफाउंडलंड आणि न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यांवर कॉड वाळवताना त्याची प्रतवारी होई. चांगला माल दक्षिण युरोपच्या बाजाराला जाई आणि मोडका, वाळवताना बिघडलेला, निकृष्ट माल ‘वेस्ट इंडीज’ साठी म्हणून वेगळा काढला जाई. आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरातून खारवलेल्या गोमांसाची पिंपे येत, पण ते मांस प्रामुख्याने गोऱ्यांच्या पंगतीला लागे. डुकराच्या शेपट्या, खूर यांसारखे भाग पुढे उत्तर अमेरिकेतल्या मांसकारखान्यांतून मिठाच्या पाण्यात बुडवून येऊ लागले. ज्या भागांना उत्पादक देशात फारशी मागणी नव्हती तेच इथे स्वस्तात मिळत, आणि त्यांतले मीठ व चरबी एवढीच त्यांची किंमत होती. मांस मूठभर आणि दाणे हंडीभर, हे स्ट्यू पीजचे प्रमाण इथून येते.

परदेशी पिंपांवरच्या या अवलंबनाची किंमत १७७६ नंतर कळली. अमेरिकेतल्या वसाहतींनी बंड केले तसा त्यांच्याकडून येणारा मका, पीठ आणि खारे मांस यांचा पुरवठा तुटला. युद्ध संपल्यावर १७८३ मध्ये ब्रिटनने अमेरिकेची खारवलेली मासळी आणि मांस आपल्या कॅरिबियन बेटांत आणायला बंदी घातली. याच काळात, ऑक्टोबर १७८० पासून पुढच्या काही वर्षांत, एकामागून एक चक्रीवादळांनी डोंगरावरची शेते आणि केळीच्या बागा झोपवल्या. जमैकाच्या विधानसभेने नंतर दिलेल्या माहितीनुसार १७८० ते १७८७ या काळात सुमारे १५,००० गुलाम उपासमारीने आणि तिच्यातून आलेल्या रोगांनी मेले. त्याही वर्षांत जमिनीवर ऊस उभा होता आणि साखर बोटींतून जात होती. या दुष्काळावर मळेवाल्यांनी शोधलेला उपाय होता ब्रेडफ्रूट, म्हणजे कोकणातला नीरफणस. ताहितीहून त्याची रोपे आणताना कॅप्टन ब्लायच्या ‘बाउंटी’ जहाजावर १७८९ मध्ये बंड झाले. १७९३ मध्ये दुसऱ्या मोहिमेत त्याने ती जमैकात पोचवली. ज्यांच्यासाठी ती आणली त्यांनी आरंभी या फळाला फारसे जवळ केले नाही. आपल्या शेतातला याम ज्यांना ठाऊक होता, त्यांना मालकाने नेमून दिलेल्या अन्नाची ओढ का वाटावी? झाड मात्र रुजले, आणि दोन पिढ्यांनी ते जमैकाच्या जेवणाचा अविभाज्य भाग झाले.

हे अन्न एकाच भांड्यात, मंद आचेवर शिजवण्यामागेही श्रमांची विभागणी आहे. १८ व्या शतकाच्या अखेरीस उसाच्या शेतांत राबणाऱ्या टोळ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत शेतात असणारी बाई तीन पदार्थ तीन भांड्यांत करू शकत नाही, ती तीन दगडांवर एक हंडी चढवते आणि जे असेल ते त्यात क्रमाने सोडते. आरंभी ही हंडी ‘याब्बा’, म्हणजे जमैकातल्याच आफ्रिकी स्त्रियांनी चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून घडवलेले आणि उघड्यावर लाकडे रचून भाजलेले रुंद तोंडाचे भांडे, असे. स्पॅनिश टाउनमधल्या ‘मा लू’ या नावाने ओळखल्या गेलेल्या लुईसा जोन्स यांनी ही कला २० व्या शतकाच्या अखेरीपर्यंत जिवंत ठेवली. मातीच्या जोडीला बिडाची भांडी इंग्लंडमधून आली. अब्राहम डार्बीने नेदरलँड्समधली धातूची भांडी ओतण्याची पद्धत पाहून, वाळूच्या साच्यात बिडाची पातळ, स्वस्त भांडी ओतण्याचे पेटंट १७०७ मध्ये घेतले, आणि अशी भांडी वसाहतींच्या व्यापारात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली. आज जमैकाच्या घरात ‘डच पॉट’ किंवा लाडाने ‘डची’ म्हणतात ते जाड, गोल, घट्ट झाकणाचे भांडे बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि स्थानिक ओतारी भंगार वितळवून, वाळूच्याच साच्यांत ते घडवतात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जमैका जगातला सर्वांत मोठा बॉक्साइट उत्पादक, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजाचा पुरवठादार, झाला होता. एकेकाळी साखर गेली तसे ते खनिजही बोटींतून बाहेर गेले, आणि घरचे भांडे भंगारातून निघाले.

स्ट्यू पीज करताना आजही जे क्रम पाळले जातात ते या इतिहासाच्या जोडीने पाहिले की नीट समजतात. खारे मांस आदल्या रात्री पाण्यात घालतात किंवा एकदा उकळून ते पाणी फेकून देतात, कारण महिनोन्महिने पिंपात टिकण्यासाठी भरलेले मीठ जसेच्या तसे खाण्याजोगे नसते; पण ते पुरते काढूनही टाकत नाहीत, रसाला वेगळे मीठ बहुधा लागत नाही इतके ठेवतात. राजमा, मांस, लसूण आणि पिमेंटोचे पाच-सहा दाणे एकत्र उकळत ठेवले की दोन-अडीच तास कोणी जवळ बसावे लागत नाही. दाणा बोटांत चेपला जाऊ लागला की नारळाचे दूध घालतात. मिरची देठासकट, अखंड, अगदी वर तरंगती सोडतात. तिचा वास रसात उतरला पाहिजे आणि साल फुटता कामा नये, म्हणून त्यानंतर डाव फिरवणारा हात आपोआप हलका होतो आणि वाढण्याआधी मिरची अलगद काढून घेतली जाते. शेवटी येतात ‘स्पिनर’. मैदा, चिमूटभर मीठ आणि पाणी यांचा घट्ट गोळा मळून, त्याचे लहान तुकडे दोन तळव्यांमध्ये घासून लांबट, टोकांना निमुळत्या वळ्या करायच्या आणि उकळत्या रसात सोडायच्या. मराठवाड्यातली किंवा खानदेशातली शेंगोळी ज्यांनी वळली आहेत त्यांना ही हालचाल नव्याने शिकावी लागणार नाही. मैदाही जमैकात पिकत नाही, तोही पिंपांतूनच आला. थोड्या मांसाचे जेवण घरातल्या सगळ्यांना पुरवण्याचे काम या वळ्या करतात, आणि त्यांचे पीठ उतरून रस दाटतो.

१ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामी कायद्याने संपली आणि ‘उमेदवारी’ या नावाखाली लादलेली सक्ती १ ऑगस्ट १८३८ रोजी संपली. मळेवाल्यांनी लगेच झोपड्यांचे आणि डोंगरावरच्या शेतांचे भाडे मागायला सुरुवात केली, तेव्हा हजारो कुटुंबांनी मळे सोडून टेकड्यांवर जमिनी घेतल्या. बॅप्टिस्ट मिशनरी जेम्स फिलिप्पो यांनी १८३५ मध्ये स्पॅनिश टाउनच्या उत्तरेकडच्या डोंगरात स्लायगोव्हिल हे पहिले ‘मुक्त गाव’ वसवले. ज्या बाजाराने गुलामीत चार नाणी मिळवून दिली होती त्याच बाजाराने आता जमीन घ्यायला पैसा पुरवला. स्वयंपाकाची लेखी नोंद मात्र या गावांतून झाली नाही. जमैकाचे पहिले पाककृतींचे पुस्तक मानले जाते ते कॅरोलिन सुलिव्हन यांचे १८९३ मधले ‘जमैका कुकरी बुक’; त्यात पेपरपॉट, याम, कॅलालू असे सगळे स्थानिक जिन्नस आदराने येतात, पण दृष्टी घरच्या मालकिणीची आहे, आणि ज्या स्वयंपाकिणींकडून ती विद्या आली त्यांची नावे त्यात नाहीत. बी. डब्ल्यू. हिगमन यांच्या २००८ मधल्या जमैकी अन्नाच्या विस्तृत इतिहासासारख्या ग्रंथांना म्हणूनच मळ्यांची दप्तरे, प्रवासवर्णने आणि वनस्पतिशास्त्र यांतून माग काढत जावे लागते.

मुक्तीनंतर मळ्यांना पडलेली मजुरांची उणीव भरून काढण्यासाठी भारतातून करारबद्ध मजूर आणण्यात आले. १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल हंटर’ हे जहाज ओल्ड हार्बरच्या उपसागरात पोचले, आणि १९१७ मध्ये ही पद्धत बंद होईपर्यंत सुमारे ३६,००० भारतीय जमैकात उतरले. ते बहुतांशी आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, कलकत्त्याहून निघालेले होते, काही मद्रासहून. मुदत संपल्यावर त्यांतले अनेक जण परतले नाहीत. त्यांनी वेस्टमोरलंडच्या पाणथळ जमिनीत भात लावला, आणि त्यांच्याकडूनच जमैकाचा दुसरा मोठा स्ट्यू, ‘करी गोट’, घडला. हिंदूंना गाय वर्ज्य आणि मुसलमानांना डुक्कर, म्हणून बोकडाचे मांस दोघांना चालणारे. हळदीचा अंश जास्त असलेला मसाला गरम तेलात भाजून घ्यायचा ही पद्धत भारतीय, आणि त्यात पडणारे पिमेंटो, थाइम व स्कॉच बॉनेट जमैकाचे. आज लग्नात आणि मृत्यूनंतरच्या नऊ रात्रींच्या जागरणात आफ्रिकी वंशाची कुटुंबेही करी गोटशिवाय पंगत पुरी मानत नाहीत. या करारपद्धतीविरुद्धच्या लढ्यात महाराष्ट्राचा थेट वाटा आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजूरभरती सर्वस्वी बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी सभासदांच्या मतांनी तो फेटाळला गेला, पण त्या भाषणाने ही पद्धत सुधारण्याजोगी नसून नष्टच केली पाहिजे, ही भूमिका देशभर रुजवली. गोखले १९१५ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी मदनमोहन मालवीयांचा त्याच आशयाचा ठराव सरकारला मान्य करावा लागला.

माडाची कहाणी तितकी सुखाची नाही. १९६० च्या दशकापासून पाने पिवळी पाडून झाड मारणारा रोग जमैकाच्या उंच माडांवर पसरला आणि दोन दशकांत लाखो झाडे गेली. त्यांच्या जागी रोगाला काहीसे तोंड देणाऱ्या ठेंगण्या मलायन आणि संकरित जाती लावल्या गेल्या. घरोघर खोबरे किसून दूध काढण्याची सवयही पुढे कमी होत गेली आणि डब्यातल्या दुधाने व भुकटीने तिची जागा घेतली.

मिठाविषयीचा एक विश्वास जमैकाच्या लोकपरंपरेत वारंवार नोंदवला गेला आहे : ज्या आफ्रिकी पूर्वजांनी मीठ खाल्ले नाही ते उडून आफ्रिकेला परत गेले, आणि ज्यांनी खाल्ले ते जड होऊन इथेच राहिले. खाऱ्या मासळीचा शिधा ज्यांच्या गुलामीची रोजची खूण होता, त्यांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगावी हे समजण्यासारखे आहे. १९३० मध्ये इथिओपियाच्या सम्राटपदी हैले सेलासी आल्यानंतर जमैकात जो रास्ताफारी पंथ उदयाला आला, त्याने आहारातही मळ्याचा वारसा नाकारला. या पंथाचे आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल यांनी १९४० मध्ये ‘पिनॅकल’ ही शेकडो अनुयायांची वसाहत उभारली ती स्लायगोव्हिलच्याच डोंगरात, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी पहिले मुक्त गाव जिथे वसले त्या परिसरात. पोलिसांनी अनेक धाडी घालून १९५० च्या दशकात ती मोडून काढली. हॉवेल यांनी ‘द प्रॉमिस्ड की’ ही पुस्तिका ‘जी. जी. मराघ’ या भारतीय वळणाच्या टोपणनावाने छापली होती, आणि या पंथाच्या आचारांवर करारबद्ध हिंदू मजुरांचा प्रभाव पडला असे लक्ष्मी आणि अजय मानसिंग या अभ्यासकांनी आग्रहाने मांडले आहे. रास्ताफारींच्या ‘आयटल’ स्वयंपाकात मांस वर्ज्य आणि अनेकांच्या घरी मीठही वर्ज्य असते. आयटल पद्धतीच्या स्ट्यू पीजमधून शेपटी आणि खारे गोमांस निघून जाते, नारळाचे दूध वाढते, भोपळा किंवा गाजर येते, आणि मिठाची उणीव थाइम, लसूण, पिमेंटो व मिरचीने भरून काढावी लागते. रक्तदाबाच्या विकारामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेल्या, पंथाशी संबंध नसलेल्या घरांतही आता हा प्रकार होतो. मांसाच्या चरबीने येणारा दाटपणा त्यात नसल्यामुळे शिजलेल्या राजम्यातले डावभर दाणे भांड्याच्या कडेला चेपून पुन्हा रसात मिसळून घेतात.